माहेर कुठलं?

गड्डम मॅडमशी कुणाचीही ओळख करून दिली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "माहेर कुठलं?" समोर बाई असेल तर ठीक. पण एकदा आरोग्य खात्यातले एक मोठे अधिकारी आमच्या रुग्णालयात आले होते. मिश्या पिळदार, आवाज त्याहून पिळदार. मॅडमनी नमस्कार केला आणि त्यांनाही तेच विचारलं.

"मॅडम, मी पुरुष आहे," अधिकारी गोंधळून म्हणाले.

"ते दिसतंय की. तुमच्या आईचं माहेर विचारतेय."

अधिकाऱ्यांचं आजोळ माढ्याकडचं निघालं. मग ते मामाच्या विहिरीबद्दल, मामाच्या बैलांबद्दल आणि विहिरीत पडलेल्या मामाच्या चपलेबद्दल बराच वेळ बोलत राहिले. आम्ही ज्या दोन संगणकांसाठी वर्षभर अर्ज करत होतो ते मंजूर करूनच उठले.

हा प्रश्न मॅडमना जन्मापासून चिकटलेला नव्हता. तो कसा चिकटला आणि त्यानं काय काय उलथापालथ केली, ते मी जवळून बघितलं आहे. म्हणून हे सांगायचा अधिकार माझा.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर, आणि दोघांपैकी एक जण कायम आजारी. डॉ. पद्मावती गड्डम तिथल्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि कर्करोग आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. बांधा ठेंगणा, इरकलीवर पांढरा कोट, आणि उजवा डोळा सदा किंचित बारीक केलेला. तुमच्याकडे बघतानाही त्या तो डोळा तसाच बारीक करायच्या. आपल्यात काहीतरी सापडणार अशी धास्ती वाटायची.

घर साखर पेठेपासून जवळच, घरची भाषा तेलुगू. पण मॅडमची भाषा माणसावर नाही, कामावर ठरायची. मोजणं तेलुगूत, भांडण मराठीत, आणि एखाद्याचा कायमचा अपमान करायचा असेल तर इंग्रजीत. त्यांच्या जुन्या स्कूटरचा मेकॅनिक होता, त्याच्यापुरती दखनी राखून ठेवलेली. "कल देता बोलके परसों बी नै दिया," असं त्या फोनवर कडाडल्या की शेजारच्या खोलीतले रुग्ण उठून बसायचे. काचपट्ट्या मोजताना मात्र "ओकटी, रेंडू, मूडू" इतक्या मऊ आवाजात चालायचं की बाळाला झोपवताहेत असं वाटावं.

रुग्णाला कुणी "केस" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "केस कोर्टात असते," त्या म्हणायच्या, "इथं माणूस असतो." नवीन आलेल्या डॉक्टरांना हे एकदाच ऐकावं लागायचं. दुसरी सवय शेंगाचटणीची. घरी उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी त्या बरणीत भरून आणायच्या. ज्याच्या टेबलावर बरणी आली त्यानं समजून घ्यायचं की मॅडमना आपल्याकडून काहीतरी हवं आहे आणि आता सुटका नाही.

एके दिवशी बरणी माझ्या टेबलावर आली.

"अहो कुलकर्णी, आपल्या गावात कॅन्सर झालेला माणूस कुठं कुठं फिरतो, माहीत आहे?"

मला माहीत होतं. तुकडा आमच्याकडे तपासायचा, ऑपरेशन डॉ. भोसल्यांच्या रुग्णालयात, किरणांचा उपचार, ज्याला इकडे सगळे शेक म्हणतात, तो तिसरीकडे. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आणखी एक रुग्णालय होतं, तिथं केमोची इंजेक्शनं आणि शेक दोन्ही मिळायचं. सरकारच्या मोफत उपचार योजनेत जिथं बसेल आणि एसटी जिथं नेईल तिथं माणूस जायचा. प्रत्येक रुग्णालय आपल्यापुरती नोंद ठेवायचं आणि ती दुसऱ्याला दाखवायचं नाही.

"आपल्याकडे रोगाची सुरुवात आहे," मॅडम म्हणाल्या, "भोसल्यांकडे मध्य आहे, आणि शेवट कुणाकडेच नाही. शेवट माहीत नसेल तर औषधानं काम केलं का नाही, हे कुणाला कळणार? मला चारही दवाखान्यांची माहिती एका ठिकाणी हवी. एका माणसाची एक गोष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी म्हटलं की सॉफ्टवेअर बनवता येईल, पण माणसं देणार नाहीत. त्या म्हणाल्या, तुम्ही सॉफ्टवेअर बघा, माणसं मी बघते. त्यांनी बघितलीही. सगळ्यात कडक माणूस म्हणजे डॉ. भोसले, शहरातल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख आणि हात सोन्यासारखा असलेले सर्जन. त्यांनी फोनवरच सांगितलं, "आमचा डेटा ही आमची संपत्ती आहे," आणि भेट नाकारली. मॅडम दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओपीडीत गेल्या, रीतसर केसपेपर काढला आणि रांगेत बसल्या. नंबर आला तसं भोसल्यांनी वर न बघता विचारलं, "काय त्रास होतोय?"

"दुखतंय."

"कुठं?"

"तुम्ही माहिती देत नाही, तिथं."

भोसल्यांनी वर बघितलं. बाहेर रांग खोळंबलेली, आणि समोर या, बरणीसकट. नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात मॅडम पुन्हा केसपेपर काढून रांगेत. असं होता होता भोसल्यांच्या कंपाउंडरनं मॅडमसाठी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवायला सुरुवात केली, आणि भोसले हरले. हरल्यावर मात्र त्यांच्यासारखा सोबती मिळाला नाही. बाकीच्या दोन रुग्णालयांना त्यांनीच गळ घातली.

एका बाबतीत मॅडम पोलादी होत्या. कुणाचीही नोंद घ्यायच्या आधी त्या माणसाला विचारायचं, समजावून सांगायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. बाहेर जाताना माहिती नुसत्या एका क्रमांकाखाली जायची. "नाव सोलापुरात राहील, आजार पुण्याला जाईल," असं त्या प्रत्येक रुग्णाला सांगायच्या. बायकांना ते लगेच पटायचं. आजारच जाणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

पुण्याला अशासाठी की तिथल्या एका मोठ्या संशोधन संस्थेनं बऱ्याच शहरांच्या नोंदी एकत्र करून तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला होता. कुणाला कुठला उपचार लागू पडतो, हे त्यावरून ठरणार होतं. त्यात सोलापूर असावं, ही मॅडमची जिद्द होती. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या आहेत, मिश्री लावणाऱ्या तर घरोघरी. "या बायका अभ्यासातच नसल्या तर औषध दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं जाणार," त्या म्हणायच्या, "आणि आपण ते यांना घालून बघत बसायचं."

संस्थेतर्फे डॉ. नाईक नावाचे तरुण डॉक्टर आमच्या नोंदी तपासायला आले. हुशार माणूस, बोलायला सभ्य. दिवसभर संगणकासमोर बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, काम छान आहे. पण तुमच्या स्त्री रुग्ण मध्येच नाहीशा होतात. पहिली एक-दोन इंजेक्शनं होतात आणि पुढे नोंदच नाही. इथल्या बायका उपचार अर्धवट सोडतात असं दिसतंय. अशा नोंदी अभ्यासाला चालत नाहीत. पुढच्या बैठकीपर्यंत सुधारणा झाली नाही तर सोलापूर वगळावं लागेल."

मॅडम भांडतील म्हणून मी खुर्ची मागे सरकवून ठेवली होती. भांडण झालंच नाही. पडद्यावर तसंच दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी काचपट्ट्याही मोजल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची धडपड एका वाक्यात निकालात निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या. "कुलकर्णी, सोडून गेलेल्यांपैकी एकीचं नाव काढा. आपण तिला जाऊन विचारू, का सोडलं."

निघालेलं नाव होतं सुनंदा म्हेत्रे. स्तनाचा कर्करोग, भोसल्यांनी केलेलं ऑपरेशन, त्यानंतर एक इंजेक्शन आणि मग काही नाही. तिच्या सोलापुरातल्या घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, ती तर केव्हाच माहेरी गेली, वैरागजवळच्या वाडीला, शिंद्यांकडं. आम्ही एसटीनं वैराग गाठलं, तिथून रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली. मॅडम रिक्षातून बाहेर बघत होत्या. मी मनाची तयारी करत होतो, कारण अशा शोधाचा शेवट बहुतेक वेळा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपाशी होतो.

शिंद्यांच्या ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत होती. मी विचारलं, "सुनंदा म्हेत्रे इथंच असतात का?"

"कोन सुनंदा?" म्हातारीनं सूप थांबवलं. "आमच्यात न्हाय कोन सुनंदा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढ्यात आतून आवाज आला, "आगं आई, मीच की ती. सासरचं नाव हाय माजं."

आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर नुकतेच उगवलेले बोटभर केस, हाताला भाकरीचं पीठ, अंगानं चांगली भरलेली. मॅडमनी डोळा बारीक केला. त्या काचपट्टीवरूनच तिला ओळखत होत्या, चेहरा आज पहिल्यांदा बघत होत्या.

"तुम्ही औषध का सोडलंत बाई?" मॅडमनी विचारलं.

"कोन म्हंतंय सोडलं?" ती भडकलीच. "समदी विंजेक्शनं घेतली की. शेक बी झाला. त्या तिकडच्या मोट्या दवाखान्यात. गेल्या म्हैन्यात तपासलं, काय न्हाय म्हनलं डाक्टर."

"अहो, मग आम्हाला कळवायचं नाही का?"

"मी कशाला कळवू? दवाखान्यानं दवाखान्याला कळवायचं आसतंय की."

तिकडचं मोठं रुग्णालय म्हणजे आमच्याच चारांपैकी चौथं. तिथली नोंद माझ्या लॅपटॉपवर होती. मी सुनंदा म्हेत्रे शोधलं, मिळालं नाही. मॅडमनी तिला विचारलं, "तिथं नाव काय सांगितलं?"

"कलावती शिंदे. हितल्या रेशनकार्डावर तेच हाय, कमीच केलं न्हाय कुनी. योजनंला रेशनकार्ड लागतंय ना? सुनंदा लग्नात ठेवलं, तांदळात अंगठीनं लिवून. ते सासरी चालतंय. हितं मला कलीच म्हंत्यात."

"आणि सासरी राहून का नाही घेतलं औषध?"

बाईनं मॅडमकडे असं बघितलं की एवढं शिकून हिला कळू नये. "तितं समद्यांच्या भाकरी थापायच्या का उलट्या काढायच्या? हितं आई हाय."

मी कलावती शिंदे शोधलं. सापडली. ऑपरेशन कुठं झालं ते माहीत नाही, आगापिछा काही नाही, पण सगळी इंजेक्शनं वेळेवर आणि उपचार पूर्ण. आमच्या संगणकात एक बाई उपचार सोडून गेली होती आणि दुसरी आभाळातून पडली होती. दोघी इथं एकाच ओट्यावर उभ्या राहून आम्हाला जेवूनच जा म्हणत होत्या. आम्ही जेवलो. भाकरी पातळ होती आणि ठेचा मॅडमच्या चटणीच्या वरताण होता. ते मॅडमनी तिच्यासमोर कबूल केलं, जे त्या सहसा करत नसत.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या. मग एकाएकी हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कुलकर्णी, माझं एमबीबीएसचं सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, माहीत आहे?"

"तुमच्या."

"लक्ष्मी कोंडा हिच्या. सासरी एक जाऊ आधीच लक्ष्मी होती, म्हणून सासूबाईंनी मला पद्मावती केलं. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरच्या हिशेबानं लक्ष्मी कोंडानं डॉक्टरकी अर्धवट सोडली, आणि पद्मावती गड्डम न शिकताच डॉक्टर झाली." मग डोळे पुसत म्हणाल्या, "मीच दोन बायका आहे आणि इतकी वर्षं मला सुचलं नाही बघा."

त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांना चिकटला. मी संगणकात 'लग्नाआधीचं नाव' असा रकाना केला तर त्यांनी तो खोडायला लावला. "नुसतं नाव नको. माहेर टाका. नाव, गाव, तिथला फोन. बाई आजारी पडली की कुठं जाते, ते मला हवंय."

मग चारही रुग्णालयांत एकच धांदल उडाली. नाहीशा झालेल्या प्रत्येक बाईच्या घरी फोन. नर्स फोन करताहेत, समाजसेवक वाड्यावस्त्यांवर जाताहेत, मी नावं जुळवतोय. भोसलेही दुपारी ऑपरेशनं आटोपून फोनला बसायचे. एका सासूबाईंना त्यांनी आपल्या भरदार आवाजात विचारलं, "तुमच्या सुनेचं माहेर कुठलं?" सासूबाई म्हणाल्या, "तुमाला काय करायच्यात आमच्या चौकश्या? आधी तुमी कोनाचं कोन ते सांगा." शहरातल्या सगळ्यात महागड्या सर्जनला आपली सात पिढ्यांची माहिती द्यावी लागली. ते मॅडमना सांगताना भोसले इतके खूश होते की जणू मेडल मिळालंय.

आणि बायका सापडू लागल्या. मंगळवेढ्याला, माढ्याला, कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावांत. भावाच्या घरी, आईच्या, एक तर मावशीच्या. औषध घेतलेल्या, शेक घेतलेल्या, तपासण्यांना गेलेल्या. संगणकावर दोन नोंदी जुळून एक झाली की मी हाक मारायचो, आणि मॅडम पलीकडच्या खोलीतून मोजायच्या, "ओकटी... रेंडू..." पुढे पुढे त्यांना इतकं मोजावं लागलं की त्या थकून हसायच्या. सगळ्या सापडल्या नाहीत. काही खरोखरच सोडून गेल्या होत्या, काही गेल्याच होत्या. तशी बातमी आली की मॅडम मोजणं थांबवायच्या आणि त्या बाईची काचपट्टी कपाटातून काढून थोडा वेळ बघायच्या. मग पुन्हा कामाला लागायच्या.

पुण्याच्या बैठकीला मीही गेलो, पडदा आणि तारा सांभाळायला. मॅडमनी नवी इरकल नेसली होती आणि त्या मुद्दाम मराठीत बोलल्या. आधी जुनी नोंद दाखवली, जिच्यात आमच्या बायका नाहीशा होत होत्या. मग नवी, जिच्यात त्या होत्या. पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, जी आम्हालाही नोंदी जुळल्यावरच कळली होती. माहेरी गेलेल्या बायकांनी उपचार जास्त नेटानं पुरे केले होते. सभेत कुणीतरी कारण विचारलं.

"तिथं त्यांना भाकरी आयती मिळते," मॅडम म्हणाल्या. "अभ्यासाच्या भाषेत याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही मात्र आता बाईला पहिल्याच दिवशी विचारतो, औषध चालू असताना कुठं राहणार? आणि तिचे कागद तिच्या आधी तिथं पोचवतो."

डॉ. नाईक उठून उभे राहिले. मला वाटलं आता काही खुसपट काढणार. ते म्हणाले, "मॅडम, मी सोलापुरात म्हणालो होतो की तिथल्या बायका उपचार सोडतात. ते मी मागे घेतो." आणि खाली बसायच्या आधी म्हणाले, "माझ्या आईचंही नाव लग्नात बदललंय." सोलापूर अभ्यासात आलं. नुसतं आलं नाही, तर आमचा तो रकाना सगळ्याच शहरांच्या नोंदीत घ्यायचं ठरलं. प्रश्न एकच उरला, माहेर या शब्दाला इंग्रजी काय लिहायचं. बरीच चर्चा झाली, दोन-तीन शब्द सुचवले गेले, एकही बसेना.

"करू नका भाषांतर," मॅडम म्हणाल्या. "शिकतील की लोक."

आता दूरदूरच्या शहरांत, जिथं मराठीचा गंध नाही, तिथल्या रुग्णालयांच्या पडद्यावरही तो शब्द तसाच दिसतो. अधूनमधून कुणाचातरी मला फोन येतो, हे 'माहेर' म्हणजे नक्की काय भरायचं? मी सांगतो. सांगताना माझी छाती अजूनही फुगते.

मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलीकडे हैदराबादला राहायला जायचं ठरलं. जायच्या आधी त्या एका सकाळी रुग्णालयात आल्या. जगाला तपासण्या करून घ्या म्हणून सांगणाऱ्या या बाईनं स्वतःची कधी केली नव्हती, म्हणून मुलीनं फोनवरून दम भरला होता. ओळखीचा फायदा घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रांगेत उभ्या राहिल्या. मी खांबाशी उभा होतो, त्यांनी मला बघितलं नाही. तपासणी नेहमीचीच होती आणि पुढे निकालही छान आला, हे आधीच सांगून टाकतो.

रांग हलत नव्हती. त्या प्रश्नामुळे आमची रांग कायमच रेंगाळते. आजारानं खचलेली, नवऱ्याच्या मागे खाली मान घालून आलेली बाई खिडकीशी येते, नाव-वय पुटपुटते आणि मग माहेर विचारलं की मान वर करते. खिडकीवरची मुलगी नवीनच लागलेली होती, मॅडमना ओळखत नव्हती.

"नाव?"

"पद्मावती गड्डम."

"लग्नाआधीचं?"

"लक्ष्मी कोंडा."

"माहेर कुठलं?"

मॅडमचा बारीक केलेला डोळा पूर्ण उघडला. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, अधिकाऱ्यांना, सर्जनना, माझ्या बायकोला तर दोनदा. त्यांना उलट कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"हितलंच की," त्या म्हणाल्या. "साखर पेठ." तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या खिडकीवर कोपर टेकून पुढे सांगू लागल्या, घरात माग होता, वडील चादरी विणायचे, त्या खडखडाटात मी अभ्यास करायची, आई मला लच्ची म्हणायची. खिडकीवरच्या मुलीनं टायपिंग थांबवलं आणि ती ऐकत राहिली. मागे रांग वाढत दारापर्यंत गेली होती, पण एकाही बाईनं त्यांना आवरा म्हटलं नाही.